टपरीवरचे अध्यक्ष

अड्याळच्या चहाटपरीवर लोकसभेचा विषय निघाला की बोलायचं मीच, असा माझा समज होता. त्या बाजारच्या दिवशी वाद रंगला: पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं तो आदेश, खासदाराने मोडावा का? मोडला तर खासदारकी गेलीच पाहिजे, हे माझं मत. सोबतच्या माझ्या दोन मित्रांना चहा पाजून, माझ्याच बाजूने बोलायचं, असा व्हिप मीही काढून ठेवला होता.

तेवढ्यात एकोडीहून आलेला एक अनोळखी माणूस बाकावर टेकला. तो नुसता तळहात उचलायचा, "थांबा जी, यायले बोलू द्या," आणि सारे गप्प! मी टेबल बडवूनही कधी कोणी गप्प झालं नव्हतं. माझा जळफळाट झाला. मित्र तर त्याच्याकडे बघत बिनदिक्कत फुटले आणि माझ्या विरुद्ध बोलले.

"काहून जी, तुम्ही काहीच बोलून नाही राहिले?" मी डिवचलं.

"अध्यक्षानं ऐकाचं असते, भाऊ. तुमच्या मनात काय आहे?"

असं मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. तो मान कलती करून ऐकत राहिला आणि मी, खासदारालाही मन असतं म्हणत, माझ्याच विरुद्ध झकास बोललो.

"वा! काय सभा चालवली जी!" सगळे म्हणाले. त्याला.