हिराकाकूंनी वकील दिला नाही

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या शिवाजी पेठेतल्या हिराकाकू चढल्या, त्याही वकिलाशिवाय. गल्लीनं त्यांना चिक्कू ठरवलं. गल्लीला काय, बोलायला कुणीतरी लागतंच.

काकूंचे यजमान शंकरप्पा पेंड-भुशाचे व्यापारी. २००३च्या उन्हाळ्यात ते अचानक गेले. बँकेतल्या ठेवीला त्यांनी कुणाचंच नाव लावलेलं नव्हतं, म्हणून बँकेनं कोर्टाचा वारस दाखला मागितला. खरं तर काकू आधी वकिलाकडंच गेल्या होत्या. शेजारी म्हणून सोबतीला मी होतो.

"वारस किती?" वकिलानं विचारलं.

"दोन. मी आन् माझा बसवेश."

बसवेश बापाशी भांडून दहाबारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे एवढं कळलं होतं, पुढं तेही कळेनासं झालं. हे ऐकून वकीलसाहेबांची कळी खुलली.

"मग सोपंच आहे की. सात वर्षं पत्ता नाही म्हणजे कायद्यानं मयत. तसं लिहू, काम लवकर होईल."

काकूंनी चहा तसाच ठेवला. "माझ्या पोराला मी मेला म्हणून लिवू? चल रं, ऊठ."

दुसरा वकीलही तेच म्हणाला. मग काकूंनी वकिलांचा नादच सोडला. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडून अर्ज करून घेतला, एकेका टेबलावर 'उद्या या' ऐकलं. बसवेशच्या नावाची नोटीस इचलकरंजीहून 'पत्ता सोडून गेला' असा शेरा घेऊन परत आली. शेवटी पेपरात जाहीर नोटीस लागली: कुणाची हरकत असल्यास कोर्टात यावं.

हरकत येऊ नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. काकूंचं उलटं. "हरकत घ्याया तरी येईल की. भांडंना का माझ्यासंगं." दाराची कडी वाजली की त्या लगबगीनं उठायच्या. दारात दूधवाला, नाहीतर मी. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला आपण उगाच आलो असं वाटायचं.

तारखेला पट्टेवाल्यानं दारात उभं राहून पुकारा केला, "बसवेश शंकरप्पा शेटे, हजर?" असं तीनदा. तिन्ही वेळा काकूंची मान दाराकडं वळली. कुणी आलं नाही.

"मुलगा आहे की नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हजर न्हाय, सायेब. पण हाय."

साहेबांनी दोन्ही नावं कायम केली. बसवेशचा हिस्सा त्याच्या नावानं बँकेत राहणार होता. काकूंना हवं होतं तसंच झालं.

बाहेर आल्यावर मी पेढ्यांचं काढलं. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या थेट पट्टेवाल्यापाशी गेल्या.

"बाबा, आणि एकदा हाक मारा की त्याला."

"मावशी, निकाल झाला की तुमचा."

"व्हय. पर घरात त्याचं नाव काढल्यालं ह्यांस्नी चालत नव्हतं. लई वर्सांनी कुणीतरी मोठ्यांदा हाक मारली बघा."

पट्टेवाल्यानं टोपी सारखी केली आणि फाटकाकडं तोंड केलं. बापाचं नाव नाही, आडनाव नाही, नुसतंच "बसवेश!" म्हणून त्यानं हाक मारली. काकू ऐकत उभ्या राहिल्या.