चौथ्या दिवसाचे वरण

आमचा आठवडा सोमवारी सुरू होत नसे. तो बाजाराच्या दिवशी सुरू होई. लग्नानंतरची ती पहिली वर्षे होती, आणि दुष्काळाची. मी केज तालुक्यातल्या एका गावच्या पीककर्ज सोसायटीत सचिव होतो, पत्नी अंबाजोगाईला परिचारिका. तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. माझा पगार सोसायटीच्या वसुलीवर अवलंबून, आणि पीक नसताना वसुली कसली? तिचा पगार तेवढा वेळेवर येई. तरीही आमच्या नातलगांत चर्चा व्हायची ती तिनेच नोकरी सोडण्याची. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान तापतात.

या चर्चेचे मूळ माझे मामा. ते सोसायटीचे चेअरमन. मला नोकरीला त्यांनीच लावलेले, त्यामुळे घरात आणि कचेरीत, दोन्हीकडे शब्द त्यांचाच चाले. दिवाळीला सगळे जमले असताना त्यांनी माझ्या गळ्याची हाडे पाहिली आणि पत्नीला म्हणाले, "सूनबाई, भाच्याच्या पोटाचे लई हाल चाललेत. बास झाली आता नोकरी."

तिने पदर खोचला. "मामा, कुठल्याबी दिवशी जेवायला या. न सांगता या. तुमचं पोट भरलं न्हाई, तर राजीनामा देते."

"ठरलं," मामा हसत म्हणाले. सगळेच हसले. मी तिथेच बसलो होतो. मला कुणी काही विचारले नाही, आणि मीही काही बोललो नाही.

त्यानंतर तिने आठवड्याच्या जेवणाची आखणी अधिकच बारकाईने सुरू केली. तिचे आईवडील शिरूर कासारकडचे, दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, कशावर किती दिवस निभवायचे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. बाजार उठता उठता भाजीवाले उरलेला माल स्वस्तात देऊन टाकतात. आम्ही त्याच वेळी पिशवी घेऊन जात असू. पहिले दोन दिवस वांगी आणि दोडकी, कारण ती टिकत नाहीत. तिसऱ्या दिवशी मोड आलेली मटकी. चौथ्या दिवशी वरण-भात. मग पिठले, मग उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली गवार, आणि पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, घरात काहीच उरत नसे तेव्हा, येसर. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेली ही पूड उकळत्या पाण्यात कालवली की तिखट, दाट आमटी होते. भाकरी रोजचीच. मेथीची जुडी स्वस्त मिळे. पण ती धुण्याएवढे पाणी घरात नसे, म्हणून पालेभाजी आमच्या आखणीतच नव्हती.

कारण आखणी पैशाइतकीच पाण्याची होती. नळाला गोडे पाणी आठवड्यातून एकदाच येई. एरवी बोअरचे खारे पाणी. त्यात भाकरी होते, पिठले होते, आमटीही होते. तुरीची डाळ तेवढी शिजत नाही, कितीही शिट्ट्या केल्या तरी. म्हणून पिण्याचा माठ वेगळा ठेवून, वरण-भाताचे गोडे पाणी ती एका पितळी घागरीत झाकून ठेवत असे. त्या घागरीला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम होता.

मामा आले ते नेमके चौथ्या दिवशी.

बँकेच्या कामासाठी मी त्या दिवशी शहरातच थांबलो होतो. पत्नी सकाळच्या पाळीला गेली होती. डाळ-तांदूळ निवडलेले होते, दोघांपुरत्या भाकरी टोपल्यात होत्या. मला फक्त कुकर लावायचा होता. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि मामांबरोबर दोन संचालक उतरले. तिघे दुष्काळ निवारणाच्या बैठकीहून येत होते. पाणी कसे जपावे यावर मामांनी काय जोरदार भाषण केले, ते एका संचालकाने उंबऱ्यातच मला ऐकवले.

"कावून रे, सूनबाई कुठं हाय?" मामांनी विचारले.

"ड्यूटीवर."

"बघा! नवरा चुलीपाशी अन् बायको ड्यूटीवर. आण, पाय धुवायला पाणी आण."

मी आत गेलो. खाऱ्या पाण्याचा ड्रम मोरीतच होता. पण वडीलधाऱ्या माणसाच्या पायावर खारे पाणी कसे घालायचे? हा विचार मी केला असेही म्हणवत नाही. हातच परस्पर घागरीकडे गेला. मामांनी पाय धुतले, पोटऱ्यांपर्यंत धुतले, तोंडावर हबके मारले, खळखळून चुळा भरल्या. मग संचालकांची पाळी. "पाणी लई गोड हाय बे," धाकटा दुसऱ्याला म्हणाला आणि त्याने तांब्या पुन्हा पुढे केला. मी पुन्हा भरून आणला. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा तांब्या घागरीच्या तळाला लागला. आमचे आठवड्याचे वरण माझ्या डोळ्यांदेखत उंबऱ्यापुढून वाहून गेले होते.

कुकर मी खाऱ्या पाण्यात लावला, आधी डाळीचाच. माठातले पाणी जेमतेम पिण्यापुरते होते, दुसरा मार्गच नव्हता. शिट्टीवर शिट्टी झाली, झाकण काढले, तर पाणी पिवळे आणि डाळ खड्यासारखी तळाशी. बाहेरून मामा विचारत होते, "भाचेराव, इंजिन कधी सुटणार?" शेवटी मी येसरचा डबा काढला. बाजाराच्या आदल्या दिवसाची आमटी चौथ्या दिवशीच केली. भाकऱ्या कमी पडणार हे दिसत होतेच, म्हणून पीठ मळून आणखी थापायला बसलो. धाकटा संचालक चौकटीशी येऊन उभा राहिला. "सायेब, ही भाकरी हाय का जिल्ह्याचा नकाशा? आष्टी तालुका तर पार बाहेर गेला की!"

जेवण झाले. आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मामांनी तीन भाकरी खाल्ल्या, वाटी बोटाने पुसून घेतली आणि मोठा ढेकर दिला. मग भिंतीला टेकून म्हणाले, "वरण न्हाई, भात न्हाई. सुतकात जेवल्यासारखं वाटलं. सूनबाईंना म्हणावं, शब्द दिलाय, आता राजीनामा लिहा."

मी आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशीही चढवला नाही. पण ताटे उचलता उचलता थांबलो आणि म्हणालो, "मामा, वरण आजच होणार होतं. ते तुमच्या पायावरून गेलं."

"म्हंजे?"

"डाळ शिजायचं पाणी होतं ते. आठवड्याचं. तुम्ही चुळा भरल्या, त्याच्यात वरण होतं."

थोरला संचालक जमिनीकडे पाहू लागला. मामांच्या कपाळाची शीर उठली. ते काही बोलणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "मामा, कधी आलात?" पत्नी पाळी सुटून आली होती. चपला काढता काढता तिने ताटे पाहिली, चुलीवरची आमटी पाहिली, कोनाड्यातली पालथी पडलेली घागर पाहिली. मग ती मामांच्या पाया पडली आणि म्हणाली, "पोट भरलं का?"

"आता तसं बघाया गेलं तर..."

"भरलं का न्हाई, येवढंच."

"मामा, ढेकर समद्यांनी ऐकलाय," धाकटा हळूच म्हणाला.

"भरलं," मामा म्हणाले आणि उठले. जाताना मला म्हणाले, "हिला लई तोंड फुटलंय."

"तोंड जुनंच हाय, मामा," ती म्हणाली. "पगार नवा हाय."

नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्याशी मात्र ते सोसायटीत बरेच दिवस दुसऱ्याच्या तोंडून बोलत राहिले.

मी त्या दिवशी बोललो याचे मला अनेक वर्षे कौतुक वाटत असे. आता वाटत नाही. घागर मीच उपसली होती, आणि दिवाळीला गप्पही मीच बसलो होतो. पण माझा दोष पुढे करून मामांचा झाकावा, असेही मला वाटत नाही. घरात दोन पगार येत होते आणि परीक्षा एकाच पगाराची होती. पाण्यावर भाषण करून आलेला माणूस आमच्या उंबऱ्यात आमचे वरण पायावर ओतून घेतो आणि नंतर वरण कुठे म्हणून विचारतो. आणि त्या ताटावर एका बाईची नोकरी टांगलेली असते. पुढे तिने वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केल्या, कितीक बाळंतपणे निभावली. ते सारे एका ढेकरावर ठरायचे होते. याची चीड अजून गेलेली नाही, आणि ती जावी असा प्रयत्नही मी करीत नाही.

त्या संध्याकाळी ती माझ्यावर रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिने कुकरातली कडक डाळ निथळली, पाट्यावर माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "वाटा." मी वाटली. बराच वेळ लागला. तिने ती ज्वारीच्या पिठात मिसळली, लसूण-तिखट घातले आणि धपाटे लावले. पिठल्याचा दिवस एक दिवस पुढे गेला, गवारीचाही, आणि येसरच्या रिकाम्या जागेत गवार बसली.

सकाळी ती नेहमीच्या वेळी ड्यूटीला निघाली. डब्यात धपाटे होते. मी घागर घासून उन्हात पालथी घातली.