इंजिनाची बैठक

गल्लीत त्याला सगळे चुळबुळे म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे, पण पत्ता विचारणाऱ्यालाही लोक सांगत, "चुळबुळ्यांचं घर ना? ते बघा, निळं फाटक." नोकरी विजेचे मीटर वाचण्याची, आणि ती त्याच्या पायांना मानवली होती. कुणी खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून तो उभाच राही. घरीही बूड टेकत नसे. नळ दिसला की आवळ, स्क्रू दिसला की पिळ. त्याने लावलेलं डब्याचं झाकण उघडायला बायको शेजारणीला हाक मारी, आणि मग दोघी मिळून त्याच्या नावाने हसत.

ती बायको आता इस्पितळात होती. मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज दुपारनंतर तिला घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सावकाश आणा, पाठीला हादरे नकोत. खड्डे चुकवता आले असते. पण गाडीच थरथरत होती, त्याचं काय करायचं?

धावताना ती बरी असे. थांबली की हिवताप भरल्यासारखी कापे. काचा वाजत, आरशातला मागचा रस्ता विसकटून जाई, आणि ती थरथर सीटमधून थेट पाठीत शिरे. इस्पितळात जाताना प्रत्येक सिग्नलला बायकोने डोळे मिटून दाराची मूठ आवळली होती. शेवटच्या सिग्नलला एवढंच म्हणाली होती, "येताना मला या गाडीतून नका आणू हो."

भाड्याची गाडी मिळाली असती. पण ही गाडी दोघांनी मिळून पारखली होती, रंग तिने निवडला होता. तिनेच तिला नको म्हणावं, हे त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं.

सकाळीच त्याने अंगणात गाडी उभी केली, बॉनेट उघडलं आणि सासूबाईंना हाक मारली. लेकीच्या आजारपणात घर सांभाळायला त्या आल्या होत्या. तरुणपणी त्यांनी दुधाचा टेम्पो चालवला होता, त्यामुळे स्टिअरिंगसमोर बसताना त्यांच्या चेहऱ्यावर जुनं राज्य परत मिळाल्याचा रुबाब आला.

"आई, गाडी सुरू करा, ब्रेक घट्ट दाबून धरा. पहिला गिअर टाका, क्लच जरासाच सोडा, लगेच दाबा. मग रिव्हर्स टाकून तसंच."

"आणि तुम्ही गाडीपुढे उभे राहणार? बाजूला व्हा, जावईबापू. माझी लेक आज घरी येतेय, तिला नवरा लागेल."

तो बाजूला सरकला. क्लच जरासा सुटला आणि इंजिनाची एक कड बसलेलं जनावर उठू लागावं तशी वर आली. रिव्हर्सला धप्पकन खाली बसली.

"दिसलं! माउंटिंग गेलंय."

इंजिन ज्यावर टेकतं ते हे माउंटिंग: लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये धरलेलं जाड रबर. इंजिनाचा हादरा ते आपल्या अंगावर घेतं, गाडीपर्यंत पोचू देत नाही. टॉर्च लावून पाहिलं तर रबर कडेकडेने फाटलं होतं, आणि लोखंडावर लोखंड घासून चकाकत होतं. खालचं दुसरंही भेगाळलेलं. तो सायकलवर टांग टाकून सुटला आणि सुट्या भागांच्या दुकानातून दोन्ही नवी माउंटिंग घेऊन आला.

इंजिनाच्या तेलपात्राखाली त्याने लाकडी फळी ठेवली, तिला जॅक लावला, आणि इंजिनाचा भार जॅकवर येईतो हळूहळू उचललं. जुने बोल्ट कुरकुरले, पण निघाले. नवी माउंटिंग भोकांना भोकं जुळवून बसवली. मग त्याच्या हातांना जे जन्मापासून येत होतं ते त्यांनी केलं. जॅक तसाच ठेवून, पान्यावर अंगाचा भार टाकून त्याने एकेक बोल्ट दात खाऊन आवळला. जॅक काढला. किल्ली फिरवली.

गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरली. आता स्टिअरिंगही गुणगुणू लागलं.

"आगीतून फुफाट्यात," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळातून परिचारिका बोलत होती, कागदपत्रं झाली, पेशंट तयार आहे. पलीकडून बायकोचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, घाई नको." ते ऐकून तो आणखीच बावरला. अंगणात एक फेरी, फाटकापर्यंत एक फेरी. पाना या हातातून त्या हातात. पुन्हा वाकला आणि आधीच आवळलेला बोल्ट आणखी आवळायला लागला.

"ते राहू द्या. मला तयार व्हायचंय, आधी हा गुडघ्याचा पट्टा बांधा बघू," सासूबाई म्हणाल्या. त्या पायरीवर बसल्या होत्या, पाय लांब करून. त्याने दोन झटक्यांत पट्टा गच्च बांधला. त्या उभ्या राहिल्या आणि कळवळल्या.

"अहो, उतावळा जावई आणि गुडघा माझा! असा आडव्या पायावर नाही बांधायचा. आधी उभं राहायचं, पायावर भार घ्यायचा, गुडघा बसेल तसा बसू द्यायचा. मग आवळायचा."

तो पट्ट्याकडे बघत राहिला. मग गाडीकडे. आणि एकदम पान्यावर झडप घातली.

"अहो, माझा पट्टा!"

इंजिन जॅकवर लटकत असताना आपण ते करकचून बांधलं. भार खाली आल्यावर रबर पिळलं जाणार नाही तर काय होणार? त्याने सगळे बोल्ट सैल केले, हाताच्या चिमटीने फिरतील इतके. इंजिनाला दोन्ही हातांनी धरून मागेपुढे हलवलं. मग गाडी न्यूट्रलमध्येच सुरू केली.

आता नुसतं थांबायचं होतं. समोर सैल बोल्ट, हातात पाना, आणि आवळायचं नाही. त्याची बोटं शिवशिवत होती. शेवटी त्याने हात पाठीमागे बांधले. ऊन भिंतीवरून उतरून बॉनेटवर आलं होतं. इंजिन जरा उजवीकडे झुकलं, जरा मागे सरलं, आणि आपल्या जागी बसलं. त्याने ते बंद केलं आणि बोल्ट आवळले, बेताने, एकानंतर एक. सासूबाईंनी पट्टा स्वतःच बांधून घेतला.

इस्पितळाच्या दारात बायको कमरेचा पट्टा सावरत पुढच्या सीटवर बसली. ही गाडी पाहून तिचं तोंड उतरलं होतं. सासूबाई मागे बसल्या. पहिला सिग्नल दुरून लाल दिसला तशी तिने दाराची मूठ धरली आणि डोळे मिटून घेतले.

गाडी थांबली. तिची बोटं पांढरी पडली होती. शेजारून रिक्षा, स्कूटर, ट्रक यांचा धडधडाट येत होता.

"बंद केलीत का हो?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"नाही. चालूच आहे."

तिने डोळे उघडले. आरशात पाहिलं, मागची गाडी त्यात स्पष्ट, न हलता दिसत होती. एकेक बोट मुठीवरून सुटत गेलं आणि हात मांडीवर येऊन पडला. तो त्या हाताकडे पाहत बसला. सिग्नल कधी हिरवा झाला, मागे भोंगे कधी सुरू झाले, त्याला कळलंच नाही.

"चला, जावईबापू!" सासूबाई मागून ओरडल्या. "जन्मात कधी स्वस्थ बसला नाहीत, आणि आता भर चौकात बैठक मारलीत?"

बायकोला हसू आलं, हसताना टाके दुखले, आणि एका हाताने पाठ धरून दुसऱ्या हाताने तिने त्याला पुढे जाण्याची खूण केली.