काचेत मुरलेली वीज

२०२५ साल, आणि मला बहात्तर पुरी झालेली. सकाळचे नऊ वाजले असतील. नात कॉलेजला निघाली होती. तिनं लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपसला आणि वायर गुंडाळायला लागली. त्या काळ्या डबीवरचा हिरवा दिवा मात्र चालूच होता. तिच्या हातात, कशालाही न जोडलेला... मी तो विझायची वाट बघत बसलो. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे शकुंतलावहिनी. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी फोन कानाला लावून तसाच बघत राहिलो. दिवा अजून पुरता विझला नव्हता.

गेला तो सुखदेव, वहिनींचा नवरा आणि माझा भागीदार. पंचवटीत दिंडोरी नाक्याकडं आमचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तीस वर्षं. तो मनमाडचा, वडील रेल्वेत, स्वतः आयटीआय झालेला. मी सायखेड्याचा, शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. हे लिहिलंय ते माझं मी लिहिलंय. नातीनं वेलांट्या तेवढ्या नीट केल्या, वाक्याला हात लावू दिला नाही. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत करत मी शहरात आलो आणि मला कुणी शिकवलेलं चालत नसे. आजही चालत नाही.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. आदल्या दिवसापासून प्लग काढून ठेवलेला एक टीव्ही टेबलावर होता. सुखदेव म्हणाला, हात लावू नको. "प्लग काढला म्हणजे काढला," मी म्हणालो, मागचं झाकण उघडलं आणि हात घातला. पुढचं आठवतं ते असं, की मी फरशीवर बसलोय, दंड बधिर झालाय आणि समोर सुखदेव तोंडावर रुमाल धरून हसतोय.

"दगू, नळ बंद केला म्हणून हंड्यातलं पाणी जातं का रे?"

दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी डबा खाताना तोच बोलायला लागला, मी न विचारता, भिंतीकडं बघत, म्हणजे मला शिकवल्यासारखं वाटू नये. "पिक्चर ट्यूबच्या काचेला आतून एक लेप असतो, बाहेरून एक. आतलं बाहेरच्याला ओढतं, बाहेरचं आतल्याला. मध्ये काच आडवी, म्हणून भेट होत नाय. आणि ओढ सुटत नाय म्हणून कोणी जागचं हलत नाय. प्लग काढला, नाही काढला, त्यांना काय त्याचं?" दुपारचं ऊन अर्ध्या शटरखालून आत आलं होतं, फळीवरचे उघडे टीव्ही त्या उन्हात ऐकत बसल्यासारखे दिसत होते. त्या दिवसापासून बंद टीव्ही मला कधी पुरता बंद वाटला नाही. तेव्हाच्या टीव्हीत बंद केल्यावर मधोमध एक पांढरा ठिपका राहायचा, बारीक बारीक होत जायचा. दुकान बंद करताना आम्ही दोघं तो बघत उभे राहायचो. "गेला," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "नाय गेला अजून." आणि खरंच, कुठवर आहे आणि कुठून नाही, ते सांगता यायचं नाही...

ट्यूब रिकामी करायची त्याची एक रीत होती. वायरचं एक टोक लोखंडी सांगाड्याला, दुसरं पेचकसाला, आणि तो पेचकस ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचा. टिच असा आवाज व्हायचा. मी तिथं थांबायचो. तो थांबायचा नाही. चहा प्यायचा, बिडी ओढायचा आणि मग परत तसंच. पुन्हा टिच व्हायचं, जरा हळू. "काचेत मुरलेलं असतं," तो म्हणायचा. "विहीर उपसली तरी झरे थोडं पाणी देतातच की. तू तर शेतकऱ्याचा पोरगा."

मग तो दिवस आला. नामपूरहून माझा साडू रंगीत टीव्ही घेऊन आला. कांद्याचा व्यापारी, बोलायला मोठा. दुकान माझंच आहे असं मी त्याला कधीतरी सांगून बसलो होतो. मी ट्यूब एकदा रिकामी केली. थोड्या वेळानं सुखदेव वायर घेऊन आला. साडू हसून म्हणाला, "काय पाहुणे, तुमच्या हाताखालचा माणूस तुमचंच काम तपासतो का?" मी म्हणालो, "रिकामी केलीय म्हणतो ना मी. माझ्या शब्दाला किंमत हाय का नाय?"

सुखदेवनं माझ्याकडं बघितलं. मग वायर गुंडाळली, खुंटीला अडकवली आणि आत हात घातला. आवाज अगदी बारीक झाला. पण हात झटक्यासरशी मागं आला तो पत्र्याच्या कडेवरून. तळव्याची शीर तुटली. डॉक्टरनं जखम शिवली, पण दोन बोटं परत मिटली नाहीत. तारा जोडायचं, डाग द्यायचं बारीक काम त्याच्या हातून कायमचं गेलं.

दवाखान्यात वहिनी धावत आल्या, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मीच विसरलो गं. दुसऱ्यांदा रिकामी करायची राहिली." मी पायथ्याशी उभा होतो. म्हटलं संध्याकाळी सांगू. मग म्हटलं उद्या... अशी वीस वर्षं गेली. गल्लीतले इलेक्ट्रिकवाले त्याला चिडवायचे, "मास्तर, दोनदा केलं का?" घरी दूध उतू गेलं की वहिनी म्हणायच्या, "हात विसरलेला माणूस, दूध काय लक्षात ठेवणार." तो हसायचा. फक्त तेव्हा माझ्याकडं बघायचा नाही. आत थोडं राहिलंय हे त्याला माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यानं वायर का गुंडाळली, हे मी त्याला विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

त्याच्या पुण्यानुमोदनाला विहारात गल्लीतली सगळी आली होती. आमच्या शेजारचा दुकानदार माईकवर म्हणाला, "सांभाळून काम करायला मास्तरांनी आम्हाला शिकवलं. स्वतः मात्र एकदा विसरले." माणसं मायेनं हसली. वहिनींनीही मान हलवली. मग मला बोलावलं. माईक हातात धरून मी म्हणालो, "चांगला माणूस होता," आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी वहिनींच्या दारात गेलो. त्या पायरीवर मेथी निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, "वहिनी, तो विसरला नव्हता. वायर घेऊन आला होता. मी माघारी लावला."

त्या बराच वेळ मेथी निवडत राहिल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "वीस वर्षं मी त्यांना बोलत आले, भाऊजी."

"हो."

"आणि तुम्ही इथंच बसून चहा पीत होता."

"हो."

"मला एकटीला सांगून काय होणार? हसली ती गल्ली. तिला सांगा."

बसा म्हणाल्या नाहीत. मीही थांबलो नाही. दिंडोरी नाक्याला पोचलो तेव्हा शेजारच्या दुकानाचं शटर वर जात होतं. "काका, इतक्या सकाळी? चहा सांगू?" तो म्हणाला. "चहा नको," मी म्हणालो. "काल तू बोललास त्यातलं एक चुकलं." सांगून झालं तेव्हा तो शटरचा गज हातात धरून तसाच उभा होता. मी पुढच्या दुकानात गेलो, मग त्याच्या पुढच्या. पाचव्या दुकानातला माणूस नवीन होता. "कोण सुखदेव?" म्हणाला. मी त्याचं स्टूल ओढलं, बसलो आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.