पंख्याची कुरकुर

मांडवाच्या शेवटच्या रांगेत जाऊन तो स्टेजकडे पाठ करून उभा राहायचा. डोळे मिटायचा, उजवा हात वर करायचा आणि तिथूनच ओरडायचा, "सर, बोला काहीबी!" मी माईकवर काहीबाही बोलायचो. मग जवळच्या खुर्चीवर जो कोणी बसला असेल त्याला तो विचारायचा, "आवाज यी ऱ्हायना का?" त्या माणसाने मान हलवली की याचा हात खाली यायचा आणि कार्यक्रम सुरू व्हायचा.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या लग्नात असा साउंडवाला पाहिला असेल. पण त्याच्याकडे बघतं कोण? आपण नवरदेवाकडे बघतो, नाहीतर जेवणाच्या रांगेकडे. साउंडवाल्याकडे माना वळतात त्या माईकने शिट्टी मारली तरच, आणि त्याही शिव्या द्यायला.

मी तळोद्याला मास्तर. घसा बरा आहे म्हणून लग्न असो की निरोपसमारंभ, सूत्रसंचालनाला मलाच धरतात. त्यामुळे इतकी वर्षं माझा आवाज या माणसाच्या हातात होता. राहायलाही आम्ही एकाच गल्लीत. त्याच्या घराच्या मागे पत्र्याचं गोदाम होतं, त्यात साउंडची खोकी, वायरींची वेटोळी, आणि एका कोपऱ्यात फडक्याने झाकलेला जुना कॅसेट डेक.

कॅसेट, हो. आजच्या काळात. मलाही हसू आलं होतं.

झालं होतं असं की, तरुणपणी तो पुण्याला एका साउंडवाल्याकडे कामाला होता. भाऊ तापीकाठची शेती बघत होते, याला शेतीत रस नव्हता. पुण्यात कॉलेजची पोरं गिटारी आणि ढोल घेऊन स्वतःच बांधलेली गाणी म्हणायची. इंडी रॉक म्हणतात त्याला. याने त्यांची खोकी वाहिली, वायरी जोडल्या आणि त्या गाण्यांचा नाद लावून घेतला. इंडी म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं.

"ज्यासना मांगे कोन्ही नही, ते," तो म्हणाला. "सोतानं गानं, सोतानी गिटार. कंपनी नही, पिच्चर नही."

"पण इंग्रजी कळतं का तुला?"

"शब्द नही समजत. रडी ऱ्हायना का हसी ऱ्हायना, तेवढं समजस."

पुढे परत येऊन त्याने स्वतःचा साउंड सुरू केला, पण गावात या गाण्यांना गिऱ्हाईक नव्हतं. एकदा हळदीच्या दिवशी खोकी तपासायला म्हणून त्याने असलंच एक गाणं लावलं, तर नवरदेवाचा मामा धावत आला. "लग्न शे का मयत शे? हाई काय लाई दिन्हं?" याने निमूटपणे बंद करून नेहमीचं धिंगाण्याचं गाणं लावलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मोलगीला, धडगावला घाट चढून खोकी न्यायची असली की मात्र तो खूश असायचा. तिथे शाळेच्या पटांगणात माणसं जमायच्या आधी तासभर मोकळा मिळायचा. तो आपलं गाणं लावायचा, आणि बाजाराला निघालेली माणसं डोक्यावरच्या ओझ्यासकट थांबून ऐकायची. त्याला हटकलं कोणी नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्याने आपल्या आवडत्या गाण्यांची एक कॅसेट भरायला घेतली. एकच कॅसेट. भजनं रेकॉर्ड करायच्या जमान्यातली एक कोरी उरली होती ती. मोबाईलमधलं गाणं माणूस बोटाने पुढे ढकलतो, कॅसेटपुढे बसावं लागतं, असं त्याचं म्हणणं. नियमही कडक होते. एखादं गाणं लग्नाचा अख्खा हंगाम ऐकून टिकलं, तरच ते कॅसेटमध्ये जाणार. एका गाण्याला एकदाच जागा. "एक डाव भरं, मंग पुसानं नही." त्यामुळे वर्षाला दोन-तीन गाणी भरली तरी खूप. भरायच्या दिवशी मला बोलावणं यायचं. त्याची बायको, आमच्या वहिनी, चहा ठेवायच्या. तो मिक्सरची बटणं फिरवत आवाज स्वतःच्या कानाला बरोबर वाटेपर्यंत जुळवायचा, मगच लाल बटण दाबायचा.

पहिलं गाणं मला पाठ झालंय. पुण्यातल्या कुठल्याशा खोलीत एका पोराने म्हटलेलं. सर्दी झाल्यासारखा आवाज, एक गिटार, आणि मागे छताचा पंखा बारीक कुरकुरतोय. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नसावं. याचा जीव त्या पंख्यावर. गाणाऱ्याने मध्ये श्वास घेतला की तो बोट वर करायचा. "पंखा, सर! ऐका, पंखा!" आणि खरंच, त्या थांबलेल्या जागेत तेवढा पंखा ऐकू यायचा. ऐकताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मला कधी कधी त्याचा हेवा वाटायचा.

मग कार्यक्रमांमध्ये माझा आवाज बिघडायला लागला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. स, श आला की पुढच्या रांगेतल्या बायका कानावर पदर घ्यायच्या. मी त्याला म्हटलं, ट्रेबल, म्हणजे तो बारीक टोकदार आवाज, जरा कमी कर. तो म्हणाला, "आते तर कमी शे. तुमना आवाज बसेल शे का सर?" मग त्याला खोक्यांचा संशय आला. बारीक आवाजाचे कर्णे बदलले, वायरी बदलल्या, शेवटी मिक्सरही बदलला. कर्कशपणा वाढतच गेला. एका लग्नात वराकडच्या पोरांनी मध्येच वायर उपटून टाकली. तो सगळ्यांना विचारत फिरला, "काय व्हयनं? चांगलं तर वाजी ऱ्हायनं व्हतं!"

त्याच सुमारास एका दुपारी तो मला पहिलं गाणं ऐकवत होता. सर्दीचा आवाज थांबला, गाणाऱ्याने श्वास घेतला, पंखा कुरकुरला. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. बोट मांडीवरच राहिलं. क्षणभराने त्याने डेकवर चापट मारली, मागेपुढे करून पाहिलं आणि म्हणाला, "कॅसेट घसायनी वाटस."

बाहेर आलो तर वहिनी दारातच होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, कुकरन्या शिट्ट्या यासले ऐकू येत नहीत. भात दोन डाव करपना. तुम्ही सांगा ना यासले."

मीच त्याला नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. जन्मभर खोक्यांजवळ उभं राहून बारीक आवाज ऐकणारा कान गेला होता, आणि बाकीचाही हळूहळू जाणार होता. आपल्या कानाला कमी पडतो म्हणून हा माणूस साऱ्या मांडवाचा बारीक आवाज वाढवत बसला होता! डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं. बसस्टँडवर मी रसाचा ग्लास त्याच्या हातात दिला, तो त्याने तसाच धरून ठेवला.

"साउंडवालाना कानमा मशीन?" तो म्हणाला. "कोन ऑर्डर देई माले?"

मी समजावलं, वहिनी रडल्या. मशीन काही त्याने घेतलं नाही. पण गाव आंधळं नसतं. कोणी काही बोललं नाही, फक्त लग्नं दुसऱ्याकडे गेली. मलाही दुसऱ्याच्या माईकवर बोलावं लागलं. तिथे शेवटच्या रांगेत हात वर करून कोणी उभं नसायचं. त्या काळात तो गोदामाचं दार लावून एकटाच बसायचा. गाणं भरायला मला बोलावणं येईनासं झालं.

गेल्या दिवाळीनंतर त्याने खोकी विकली आणि सुरतेला कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात काम धरलं. मी विचारलं, या वयात लूमवर? तो हसला. ते हसणं मला अजून आवडलेलं नाही.

"तठे मशिनीसना आवाजमा कोन्लेच काही ऐकू येत नही. मन्हं कोन्ले समजस तठे?"

जाताना त्याने डेक, अॅम्प्लिफायर आणि ती कॅसेट माझ्या घरी आणून ठेवली. "तुम्ही ऐका. तुमना कान चांगला शेत."

कित्येक दिवस मला धीर झाला नाही. एका रविवारी लावली. पहिलं गाणं स्वच्छ वाजलं, पंख्यासकट. दुसरं, तिसरंही ठीक. पुढे कानाला टोचायला लागलं, म्हणून मी अॅम्प्लिफायरचं बारीक आवाजाचं बटण थोडं डावीकडे फिरवलं, तर गाणं छान बसलं. पुढच्या गाण्याला अजून थोडं फिरवावं लागलं. त्याच्या पुढच्याला अजून. मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येक गाणं त्याने त्या त्या वेळच्या आपल्या कानाला जुळवून भरलं होतं. मी बटण जितकं डावीकडे नेत होतो, तितकं त्याचं ऐकणं तोवर गेलेलं होतं.

दुसरी बाजू संपत आली तेव्हा शेवटचं गाणं लागलं. ते मला ओळखूच येईना. नुसती चरचर. मग आत कुठेतरी तो सर्दीचा आवाज सापडला. पहिलंच गाणं होतं. आपला नियम मोडून त्याने ते पुन्हा भरलं होतं, बारीक आवाज असेल नसेल तेवढा वर करून. गाणाऱ्याने श्वास घेतला आणि पंखा करवतीसारखा किंचाळला. मी बटण डावीकडे फिरवत गेलो. ते शेवटाला टेकलं, आणि पंखा किंचाळतच राहिला.

महिन्यातून एखादा रविवार त्याचा फोन येतो. मागे लूमची खडखड असते. "सर, आवाज यी ऱ्हायना का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तो आपलं बोलतो आणि ठेवून देतो. परवा मात्र ठेवण्याआधी थांबला.

"कॅसेट लाई का? पंखा ऐकू येस का?"

"येतो!" मी ओरडलो. "स्वच्छ येतो!"

स्वयंपाकघरातून बायको धावत बाहेर आली, काय झालं म्हणून. पलीकडे नुसती खडखड चालू होती. थोडा वेळ वाट बघून त्याने पुन्हा विचारलं, "सर? पंखा ऐकू येस का?"