साडूबुवांची चुंबळ

आमच्या साडूंइतका अडाणी शहाणा अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि तो नेमका माझाच साडू व्हावा, हे माझं नशीब! आम्ही दोघे धनगराचे, दोघांनी एकाच घरच्या बहिणी केल्या. मी उर्दूतून सातवी होऊन झरीला मास्तर झालो. ते बोरीत मेंढरं राखत राहिले. तरी सासुरवाडीला पाट मला आणि कौतुक त्यांना! नुसता जळफळाट व्हायचा.

कुठली वस्तू कुठं किती रुतते, याचा त्यांना भारी नाद. बाज टाकली की चारी खुरांखाली खापऱ्या सारणार, म्हणजे सारवलेल्या भुईत खड्डे नकोत. बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळल्याशिवाय पाणी आणणार नाहीत. आजारी कोकरू दोरीनं न बांधता रुंद फडक्यात घालून पाठीवर घेणार. सासूबाई बोथट विळीवर जोर काढायला लागल्या की म्हणायचे, "मामी, जोर नगा लावू, धार लावा. जोर तेवढाच, पर धारंला जागा कमी लागती." मेव्हण्याच्या लग्नात तर वऱ्हाडाच्या गाड्या अडवून काळ्या रानाच्या वाटेवर पळसाच्या फांद्या अंथरत बसले. नवरदेव ताटकळला, पण एक चाक रुतलं नाही. बायको मला म्हणाली, "शिका जरा दाजींकडून." मी, म्हणजे मास्तर, शिकू!

निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठीत आली आणि माझी पंचाईत झाली. मला पाठ होतं ते उर्दूतलं दबाव, कुव्वत आणि रकबा. त्यातून नोकरी हंगामी. तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला आला तरच कायम, नाहीतर पुन्हा मेंढरं. मी वर्गाकडून घोकून घेतलं, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पोरं ओरडून म्हणायची, कळत कुणालाच नव्हतं. तपासणीच्या आदल्या दिवशी साडूबुवा एक आजारी कोकरू पाठीवर घेऊन, माझ्या बायकोला घोंगडी द्यायला मुक्कामाला आले आणि मधल्या सुट्टीत लिंबाखाली पोरं जमवून त्यांना खापरी, विळी सांगत बसले. एकेकाला भरली बादली नुसत्या कडीनं उचलायला लावायची, मग चिंधी गुंडाळून. पोरं खिदळत होती. माझ्या तासाला कधी खिदळली नव्हती! माझं टाळकं फिरलं. "साडूबुवा, हे शास्त्र हाय, मेंढरं न्हाईत! निघा!" मी सगळ्यांदेखत म्हणालो. "बरं गुरुजी," म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "जोर तेवढाच असून दाब कमी कसा होतो?"  मी डोळ्यांनीच पोरांना सूत्र म्हणायला खुणावलं. तेवढ्यात कोळ्याची गंगू उभी राहिली. "साहेब, घागर तेवढीच जड, पर खाली फडक्याची चुंबळ ठिवली की डोक्याला रुतत न्हाई. वजन पसरतंय." मग काय, सगळेच सुटले! कुणी खापरी सांगितली, कुणी विळी, कुणी बादलीची कडी. साहेब खूश होऊन म्हणाले, "गुरुजी, घोकून घेणारे पुष्कळ पाहिले. समजावून देणारे तुम्हीच." खिडकीबाहेर पाठीवर कोकरू घेतलेले साडूबुवा बोरीच्या वाटेला लागायच्या आधी थबकले होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि साहेबांना म्हणालो, "आपली कृपा."

मी कायम झालो. साडूबुवा सासुरवाडीला सांगत सुटले, "आमचं गुरुजी लय हुशार." भांडले असते तर बरं झालं असतं.

खरं बोलायला मला वीस वर्षं लागली. ते अंथरुणाला खिळले होते, तेव्हा बोरीला जाऊन म्हणालो, "साडूबुवा, त्या दिवशीचा शेरा तुमचा होता." ते हसले. "मला ठाव हाय की. तुमच्या डोक्यावर वझं लय हुतं, गुरुजी. म्या चुंबळ झालो, एवढंच."

बघा! असलं बोलणं शेवटालाही त्यांनाच सुचावं! घरी येईपर्यंत वाटभर मी जळत होतो आणि रडत होतो. पुढच्या आठवड्यात ते गेले. हल्ली सासुरवाडीला सगळे माझंच ऐकतात, आणि मला सांगण्यासारखं काही सुचत नाही.