झाकून ठेवलेलं ताट

ठकीच्या पोटात काही गेलं असेल का, हा प्रश्न गेली सहा वर्षं आईच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. ठकी परदेशी जाणाऱ्या रात्रीच्या विमानांत लोकांना जेवण द्यायची. एका रात्रीत तीनशे माणसं.

"तीनशे जणांना जेवू घालणारी स्वतः कधी जेवते?" आई फोनवर विचारायची.

"मधे मधे," ठकी सांगायची. मधे मधे म्हणजे नक्की कशाच्या मधे, ते आईला कधीच कळलं नाही.

आता मात्र ठकी बारा दिवस घरीच होती. दोन्ही वेळा समोर बसून जेवत होती, तरी आईची काळजी गेली नव्हती, तिनं नुसती कूस बदलली होती. पोरगी जेवत होती, पण बोलत नव्हती. आणि न बोलणारी ठकी म्हणजे घरात कुणीतरी आजारी असल्यासारखंच होतं.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा गोल तोंडाची, ठेंगणी, थेट लाकडी बाहुलीसारखी. आत्यानं पाहताक्षणी "अगं, ही तर ठकी!" म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बाहुलीशी साम्य मात्र तिथंच संपलं. बाहुली ठेवाल तिथं बसते. ही चालायला लागली ती पाहुण्यांना पाणी नेऊन देतच. पाच वर्षांची असताना वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला तिनं दारातच अडवून विचारलं होतं, "थंड हवं की साधं?" तो बिचारा इतका गोंधळला, की आकडा न लिहिताच दोन पेले पाणी पिऊन गेला.

विमानाच्या नोकरीला तिनं अर्ज केला, तेव्हा बाबा निवांत होते. "उंचीत बसायची नाही," ते म्हणाले. पण तिथं नुसती उंची बघत नाहीत. टाचा उचलून हात किती वर पोहोचतो ते बघतात, कारण डोक्यावरचा सामानाचा कप्पा उघडता यायला हवा. आणि ठकीचं सगळं बालपण टाचा उचलून फळीवरचा खाऊचा डबा काढण्यात गेलेलं. खुणेच्या वर चांगली दोन बोटं हात पोहोचला तिचा. तो डबा तिथं आईनंच ठेवला होता, हे बाबांनी पुढं कित्येकदा ऐकवलं.

दोन वर्षांपूर्वी घरच्यांना मिळणाऱ्या तिकिटावर आईबाबा ठकीच्याच विमानातून गेले. रात्री साडेअकराचं उड्डाण, आठ तासांचा प्रवास. आई मधल्या खुर्चीत, दोन्हीकडून कोपर लागतंय, पुढच्यानं खुर्ची अशी मागं टेकवलेली की त्याच्या टकलावरचे उरलेले केस मोजता यावेत. दिवे मंद झाले, गरम जेवणाचा वास सुटला आणि लांबून ट्रॉलीची खडखड ऐकू आली. मग एकदम कानाशी आवाज आला.

"मॅडम, व्हेज की चिकन?"

आईनं वर पाहिलं. पोटची पोर. केस चापूनचोपून बांधलेले, ओठांना लाली, आणि घरी फक्त पाहुणे आल्यावर बाहेर निघणारं ते हसू.

"मॅडम काय गं? मी तुला कधी विचारलं होतं, व्हेज की चिकन?"

"आई, हळू. मागं अजून सोळा रांगा आहेत."

"दे काय उरेल ते."

"उरेल ते द्यायचं नसतं इथं. तुला काय हवंय ते सांग."

आईला पटकन सांगताच येईना. जेवायला काय हवंय, असं तिला याआधी कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. तोवर बाबांनी "चिकन" म्हणून छोटं टेबल उघडलंसुद्धा.

जेवणं झाल्यावर आईनं आपलं शहाणपण दाखवलं. रांगेतल्या सगळ्यांची ताटं मागून घेतली, उष्टं एका ताटात केलं, एकावर एक रचली, वरून कागदी रुमालानं पुसली आणि लेकीच्या हाती दिली. केवढं काम वाचवलं पोरीचं! ठकीनं हसत ती घेतली आणि वाकून कुजबुजली, "आई, ट्रॉलीत एकेका ताटाला एकेक खण असतो गं. आता हे सगळं परत सोडवायला दुप्पट वेळ." मागच्या रांगेतही एक बाई ताटं रचत होत्या. त्याही कुणाच्या तरी आईच असणार.

पुढं थोड्या वेळानं पाय मोकळे करायला म्हणून आई मागं गेली. शेवटच्या रांगेत एक तरुण गृहस्थ तणतणत होते. त्यांना हवं ते संपलं होतं. "दीड तास वाट बघायची आणि वर नाही ऐकायचं?" ठकी उभी राहून बोलत नव्हती. गुडघे मुडपून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन ऐकत होती. पडद्यामागं गेली, एक ताट गरम करून घेऊन आली. गृहस्थ गप्प झाले. ते ताट ठकीचं स्वतःचं होतं; त्यावरची आपल्या नावाची चिठ्ठी ती काढत होती, ते आईला पडद्याच्या फटीतून दिसलं होतं. आईनं जागेवर जाऊन पिशवीतून घरचा डबा काढला आणि सरळ पडद्याआड शिरली.

"आई! इथं प्रवाशांनी यायचं नसतं."

"मी प्रवासी नाही. खा आधी."

ठकीनं उभ्या उभ्या चार घास खाल्ले. पाचव्याला वर घंटीचा दिवा लागला आणि ती गेली. मधे मधे म्हणजे काय, ते आईला त्या रात्री दिसलं.

त्या दिवसापासून आईनं एकच ध्यास घेतला: पोरीनं जमिनीवरची नोकरी बघावी. तोंडानं कधी म्हणाली नाही, पण महिन्यापूर्वी ठकीला न सांगता भावाच्या कानावर घातलं. मामा म्हणजे कामाला झपाटलेला माणूस. त्यानं ओळखीच्या एका दंतवैद्य बाईंकडं शब्द टाकला. बाईसाहेबांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाची जागा होणार होती, दहा ते सहा. "खुर्चीवर बसून काम," मामा म्हणाला. "वर काय ठेवलंय? ढगच ना?"

आणि नेमकं त्याच महिन्यात ते घडलं.

ठकीनं पहिल्या संध्याकाळी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. एक वयस्क मास्तर, एकटेच मुलाकडं निघालेले. मधुमेहाचं वेगळं जेवण आधीच नोंदवलेलं. असली ताटं ट्रॉलीच्या आधी, नाव बघून द्यायची, आणि माणूस झोपला असेल तर उठवून द्यायची, असा नियम. ठकी ताट घेऊन गेली तर मास्तर मान एका बाजूला टाकून गाढ झोपलेले, चष्मा तसाच नाकावर. जेवण येतंय म्हणून त्यांनी इन्शुलिनची सुई टोचून घेतली होती आणि वाट बघता बघता डोळा लागला होता. ठकीला सुईचं कुठलं माहीत? तिनं उठवायला हात पुढं केला आणि मागं घेतला. चष्मा काढून अलगद खिशात ठेवला. ताट मागं नेलं, वर दुसरं उपडं घालून झाकून ठेवलं. उठले की गरम करून देऊ.

दोन तासांनी शेजारच्या बाईंनी घंटी वाजवली. मास्तर घामानं थबथबलेले, बोलत होते ते कुणाला कळत नव्हतं. सुई घेतलेली आणि पोटात काही नाही, त्यामुळं साखर उतरली होती. साखर घातलेला रस पाजला, प्रवाशांतून एक डॉक्टर धावत आले. पंधरा-वीस मिनिटांनी मास्तर माणसांत आले, आणि पहिलं वाक्य काय, तर "माझं ताट कुठाय?" मग सगळं जेवले आणि मीठ कमी असल्याची तक्रारही केली.

मास्तर सुखरूप उतरले. पण ठकीनं कागदावर स्वच्छ लिहून दिलं: नियम ठाऊक होता, मी उठवलं नाही. कंपनीनं तिला पंधरा दिवस उड्डाणांवरून काढलं. पुढं आठवडाभर पुन्हा प्रशिक्षण, मग कामावर. येणार की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं.

आज शनिवार होता.

"मी कळवणार नाहीये," ठकीनं सकाळी चहाचा कप धुता धुता सांगितलं. "मामा काल फोनवर दवाखान्याचं बोलला. मी जाईन तिकडं."

आईच्या मनासारखं झालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं तो शोधलाही, पण हाती लागेना.

ठकी आंघोळीला गेल्यावर ती बाबांपाशी येऊन बसली. बाबा तीस वर्षं छापखान्यात रात्रपाळीला होते. सकाळी येऊन झोपायचे ते दुपारी तीनला उठायचे. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं शिंकायचंही नाही, असा आईचा कायदा. झोपलेल्या माणसाला हात लावायचा नाही. ताट वाढून, झाकून ठेवायचं.

"अहो, पोरीची चूक नाही ती," आई म्हणाली. "माझी आहे. मीच शिकवलंय तिला. कागदावर माझं नाव यायला हवं होतं."

बाबांनी पेपर खाली केला. 

"एक सांगू का? रागावणार नसशील तर. मला उठवलं असतंस तरी चाललं असतं."

"म्हणजे?"

"बाराला उठवलं असतंस, तर गरम जेवून परत झोपलो असतो. तीस वर्षं गार भात खाल्ला मी."

"अहो!" आईचा हात तोंडावर गेला. "मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या प्रेमानं झाकून ठेवायचीस. वरून भांडं, त्यावर फडकं. म्हटलं, जाऊ दे."

"तीस वर्षं?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं गं. विचारलंच नाहीस."

आईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही थोडं थोडं केलं.

दुपारी ठकी कोचावर झोपली होती. रात्री जागायची सवय झालेलं शरीर, दिवसा कुठंही पडायचं. आईनं जेवण गरम केलं, दोन ताटं घेतली आणि जाऊन तिच्या खांद्याला हात लावून हलवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ठकी ताडकन उठून उभीच राहिली. डोळे मिटलेले, एक हात अंगावर नसलेला गणवेश नीट करतोय, तोंडावर ते पाहुण्यांचं हसू. "सांगा, काय हवंय?"

"तू जेवायला हवी आहेस. बस खाली."

दोघी कोचावरच मांडीवर ताटं घेऊन बसल्या. जेवण गरम होतं. चार घास झाल्यावर आई म्हणाली, "दवाखान्यात का जायचंय तुला?"

"जवळ आहे. वेळ ठरलेली आहे. तू खूश."

"माझं सोड."

ठकी भात चिवडत राहिली. "खाली काही झालं तर दार उघडून टॅक्सी बोलावता येते. वर दार उघडत नाही, आई. त्यांच्या तोंडावरचा तो घाम मला अजून दिसतो. भीती वाटते."

"ती वाटणारच. मला तर तू बाजारात गेलीस तरी वाटते." मग ज्याचं उत्तर ऐकणं आई सहा वर्षं टाळत आली होती, ते विचारलं. "तुला ते काम आवडतं का गं?"

ठकीनं आईकडं पाहिलं, हा प्रश्न चुकून दुसऱ्याच कुणाला विचारलाय की काय, तसं.

"पहाट आवडते," ती सावकाश म्हणाली. "उतरायच्या दोन तास आधी दिवे लावतो आम्ही. खिडक्यांची झापडं वर होतात. रात्री कोट घालून मिजाशीत बसलेले लोक, सगळे विस्कटलेले असतात. केस उभे, तोंडं सुजलेली, कुणाचा एक मोजा हरवलेला. सगळे आपल्या घरातलेच वाटतात. तेव्हा ट्रॉली घेऊन निघायचं आणि प्रत्येकाला चहा द्यायचा. कुणी धड बोलत नाही, नुसता हात पुढं करतात. ते फार आवडतं मला." मग घाईघाईनं म्हणाली, "पण त्यात काय. चहा दंतवैद्याकडंही असेलच."

"दंतवैद्याकडं लोक तोंड धरून बसलेले असतात. चहा कुठला?"

ठकी फसकन हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा. तिच्या हसण्यानं बाबा आतून बाहेर आले आणि मला वाढलं का नाही म्हणून भांडायला लागले.

जेवण झाल्यावर ठकी बाबांचं ताट वाढायला गेली. आई फोन घेऊन मागच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. काळजी जिथल्या तिथं होती. ही वर जाणार, उभ्यानं चार घास खाणार, आपण रात्रभर छताकडं बघत पडणार. सोमवारी ठकी काय कळवेल, तेही तिनं अजून सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनं ठरवायचं. पण दवाखान्यातली ती खुर्ची आईनं मागून घेतली होती, तीही लेकीच्या पाठीमागं. तेवढी तरी आपल्या हातानं परत करायला हवी होती. मामा चिडणार. शब्द टाकला होता, माझी काय इज्जत राहिली, असं म्हणणार, आणि निदान महिनाभर फोन उचलायचा नाही.

आईनं भावाचा नंबर काढला, घसा साफ केला आणि बटण दाबलं.